भरतीसाठी धावताना हृदयाचेही ऐका

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच मायलेक आत आले. मुलगा एकोणीस वर्षांचा, उंचापुरा. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे बायपासवर धावणारा. "काही नाही डॉक्टर, उपाशीपोटी धावलो म्हणून चक्कर आली," तो म्हणाला. आई मात्र ऐकेना. "साहेब, महिन्यात दोनदा धावताना पडला हा. मित्रांनी सांगितलं म्हणून कळलं. याचा धाकटा चुलता असाच शेतात पडला, तो उठलाच नाही. अठ्ठाविसावं होतं त्याला."

मी छाती तपासली. ठोक्यांबरोबर एक जादा आवाज येत होता, आणि मुलगा उभा राहिला की तो वाढत होता. कार्डिओग्राम काढला, टू-डी एकोसाठी पाठवले. निदान झाले ते असे, की हृदयाच्या डाव्या बाजूच्या स्नायूची भिंत फाजील जाड झाली होती. हा दोष बहुधा घराण्यातून येतो. सुमारे ५०० माणसांत एकाला तो असतो. पुष्कळांना जन्मभर त्रास होत नाही; पण काहींच्या बाबतीत जोराने धावताना ठोक्यांची लय बिघडते आणि जिवावर बेतते.

वाचकहो, हे वाचून "बघ, व्यायाम नकोच!" असे म्हणू नका. व्यायामाने मुलाला आजार झाला नव्हता. आधीच असलेला आजार धावण्याने उघडा पडला, इतकेच. बाकीच्या मुलामुलींना खरा धोका आहे तो बसून राहण्याचा.

हृदयविकार पन्नाशीत होतो, हा आपला समज. पण त्याची मुळे तरुणपणीच रुजतात. कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी १९५३ साली प्रसिद्ध झाली. सरासरी वय अवघे २२, तरी शंभरातील ७७ जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत विकाराच्या खुणा होत्या! त्याच वर्षी लंडनचे डॉ. मॉरिस यांनी तिथल्या दुमजली बसवरील नोकरांचा अभ्यास मांडला. दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना, बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होत होता.

व्यायामाने होते काय?

हृदय हा स्नायूच. नेमाने व्यायाम केला की एका ठोक्यात ते जास्त रक्त फेकते, म्हणून विसाव्याच्या वेळी ठोके कमी पुरतात. मिनिटाला ७२ ठोके म्हणजे दिवसाला १,०३,६८० होतात. ते ६० वर आले तर ८६,४००. रोज सतरा हजारांवर ठोक्यांची बचत! शिवाय रक्तदाब, साखर व वजन आटोक्यात राहते, ते वेगळेच.

किती करावा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण असे: ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे खेळावे, पळावे. अठरा वर्षांपुढच्यांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा. जोडीला आठवड्यातून निदान दोन दिवस जोर-बैठकांसारखा ताकदीचा व्यायाम हवा. मध्यम म्हणजे किती? बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका. सायकल, कबड्डी, पोहणे, सूर्यनमस्कार, काहीही चालेल. मुलींनाही तितकाच हवा. घरकाम झाले म्हणजे व्यायाम झाला, असे समजू नये.

भरतीवाल्यांसाठी

आपल्या पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावे लागते. जाहिरात निघाल्यावर महिनाभर छाती फुटेस्तोवर पळणे, ही तयारी नव्हे. चार-सहा महिने आधी चालण्यापासून सुरुवात करा. अंतर व वेग हळूहळू वाढवा. आधी दहा मिनिटे अंग गरम करा. धाव संपताच एकदम थांबू नका, रक्त पायांत साचून भोवळ येते; चालत राहा. अंगात ताप असताना धावू नका. उन्हाळ्यात पहाटेच धावा, पाणी प्या. ताकदीची म्हणून कुणी दिलेली गोळी, पुडी किंवा इंजेक्शन घेऊ नका. आणि तंबाखू, गुटखा तोंडात ठेवून धावण्याला व्यायाम म्हणत नाहीत!

या खुणा लपवू नका

धावताना शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, बरोबरीच्या मुलांपेक्षा फारच लवकर दम लागणे, विनाकारण छाती धडधडणे; लहानपणी ताप येऊन सांधे सुजलेले असणे; घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलेले असणे. यांपैकी एक जरी गोष्ट असली तरी धावणे थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.

त्या मुलाला "शर्यतीचे धावणे बंद" असे सांगताना मलाही जड गेले. "मग भरतीचं काय, डॉक्टर?" एवढेच विचारून तो खाली मान घालून बसला. आज तो हृदयरोगतज्ज्ञांची औषधे घेतो, त्यांनी आखून दिलेल्या मर्यादेत रोज चालतो आणि तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करतो. धाकट्या बहिणीचाही एको करून घेतला. सध्या तरी तो चांगला आहे. परवा त्याची आई भेटली. म्हणाली, "वर्दी नाही मिळाली साहेब, पण पोरगा जेवायला घरी येतो."