कल्चर रिपोर्ट खरा कशावरून?

वीज बेभरवशाची, उकाडा चाळिशीपार, सामान यायला महिने. सहाराच्या दक्षिणेकडील एखाद्या जिल्हा रुग्णालयात जीवाणू-तपासणीची प्रयोगशाळा उभारायची तर आधी स्वयंचलित यंत्र हवे, असा समज आहे. तो स्वाभाविक आहे, पण आधी हवे ते गुणवत्ता नियंत्रण (तपासणीचीच तपासणी). दुकानातला काटा प्रमाणित वजन ठेवून पारखतात, तसा इथे गुणधर्म ठाऊक असलेला जीवाणू ('कंट्रोल') वापरतात. 'ई. कोलाय एटीसीसी २५९२२' पसरलेल्या प्लेटवर जेंटामायसिन या प्रतिजैविकाची १० मायक्रोग्रॅमची चकती ठेवली, की भोवतीचे वाढ नसलेले वर्तुळ १९ ते २६ मिलिमीटर भरायला हवे. मोजायला साधी पट्टी पुरते. अगारचा (जीवाणू वाढवण्याच्या जेलीचा) थर ४ मिलिमीटरऐवजी पातळ ओतला गेला, तर वर्तुळ फुगते आणि निकामी औषध गुणकारी भासते. उलट, फ्रीज बंद पडून अँपिसिलिनच्या चकत्या दमट झाल्या, तर चांगले औषधही निकामी ठरते. दोन्ही रिपोर्ट दिसायला अगदी नीटनेटके!

चकत्यांचीच टंचाई असताना त्या कंट्रोलवर खर्चणे ही चैन, असा आक्षेप येतो. पण एका चुकीच्या रिपोर्टपायी रुग्णाला दिलेला चुकीच्या औषधाचा अख्खा कोर्स कितीतरी महाग पडतो. कंट्रोल उत्तीर्ण झाला म्हणजे सगळे आलबेल, असेही नाही. प्रतिजैविक सुरू केल्यावर किंवा त्वचा नीट न पुसता घेतलेले रक्त प्रयोगशाळेला सुधारता येत नाही. ती काळजी खाटेजवळच घ्यावी लागते.