दवापाणी (भाग 5) : गोळीचा खाडा
वऱ्हाडात स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे हमखास सापडतात. दूधवाला आला नाही की त्या तारखेवर फुली. महिनाअखेरीस वाद नाही. बीपी-शुगरच्या गोळ्यांचा हिशेब मात्र डोक्यातच. मग रात्री जेवणं आटोपली की प्रश्न निघतो, ‘‘अहो, गोळी घेतली का तुम्ही?’’ आणि समोरच्यालाही ते नक्की सांगता येत नाही.

हा संभ्रम निव्वळ विसरण्याहून वाईट. शुगरच्या काही गोळ्या चुकून दोनदा गेल्या, तर साखर झपकन उतरते, घाम फुटतो, चक्कर येते. मोबाइलच्या गजराचा इथे अर्धाच उपयोग. तो ‘घ्या’ म्हणतो. घेतली की नाही, हे त्याला कुठं ठाऊक?

हा पेच कुष्ठरोगाच्या उपचारात फार आधी सुटला. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारलं, तेव्हा या रोगावर खात्रीचं औषध सहज मिळत नव्हतं. पुढे डॅप्सोन आलं, पण एकटी ती गोळी वर्षानुवर्षं घ्यायची. लोक मध्येच सोडत आणि जंतू औषधाला दाद देईनासे होत. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एकापेक्षा अधिक औषधं एकत्र देण्याची शिफारस केली. या औषधांचं पाकीट 28 दिवसांचं असतं. त्यातल्या रिफाम्पिसिनचा महिन्याचा मोठा डोस आरोग्य कर्मचाऱ्यासमोर गिळायचा, रोजच्या गोळ्या घरी. कप्पा फुटलेला दिसला की गोळी गेली. रिफाम्पिसिनने लघवी लालसर होते, हा आणखी एक पुरावा!

आणि नियमातली माणुसकी पाहा : जास्त जंतू असलेल्या रुग्णाची 12 पाकिटं 18 महिन्यांत संपली तरी चालतात. मजुरीसाठी गाव सोडलेल्याचं एखादं पाकीट लांबलं, तरी उपचार पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही.

अमेरिकेत इलिनॉयच्या डेव्हिड वॅग्नरला हेच त्याही आधी घरात सुचलं होतं. बायकोने गर्भनिरोधक गोळी घेतली की नाही, यावरून कुरबुर व्हायची. 1962 मध्ये त्याने वारांची चकती असलेल्या डबीच्या पेटंटसाठी अर्ज केला. आपल्याकडच्या ‘माला-डी’तही 28 गोळ्या असतात. त्यातल्या शेवटच्या सात लोहाच्या. रोजची सवय मोडत नाही आणि रक्तालाही आधार मिळतो.

आपल्या मेडिकलमध्ये मात्र कात्रीने कापून पाच-पाच गोळ्या मिळतात. कापताना कधी मुदतीची तारीखच उडते, मग वार कुठले? अशा घरी सात कप्प्यांची डबी किंवा चक्क कॅलेंडर बरं : गोळी गिळल्यावर, आधी नव्हे, तारखेवर टिक. डबी भरताना एक पथ्य. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा ती खिडकीत किंवा शेगडीजवळ नको. फिटच्या सोडियम व्हॅलप्रोएटसारख्या काही गोळ्या दमट हवेने खराब होतात. त्या वेष्टनातच ठेवायच्या. कोणत्या ते औषध घेतानाच विचारावं.

पुढच्या भागात : एकादशीला ‘जेवणानंतर’ची गोळी कधी घ्यायची?