जहाज पुढे, नियम मागे : सागरी सुरक्षेची वाटचाल

१५ एप्रिल १९१२ च्या पहाटे उत्तर अटलांटिक महासागरात बुडालेल्या ‘टायटॅनिक’वर जीवरक्षक नौका अपुऱ्या होत्या, हे सर्वश्रुत आहे. त्या अपुऱ्या असूनही जहाज पूर्णपणे कायदेशीर होते, ही गोष्ट मात्र तितकीशी परिचित नाही. नौकांची संख्या ठरविणारे ब्रिटिश कोष्टक १८९४ च्या सुमारास तयार झाले होते आणि ‘दहा हजार टन व त्याहून अधिक’ या वर्गापाशी ते संपत असे. ‘टायटॅनिक’ ४६ हजार टनांचे होते. नियमाला १६ नौका पुरेशा होत्या. जहाजावर २० होत्या. त्यांत ११७८ माणसे मावू शकत होती आणि जहाजावर होती सुमारे २२००. दीड हजारांहून अधिक प्रवासी व खलाशी प्राणास मुकले.

अठरा वर्षांत जहाजबांधणीचे तंत्र चौपटीहून पुढे गेले आणि कोष्टक जागच्या जागी राहिले. सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कायद्याचा अभ्यास करताना ही तफावत ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते, कारण पुढील शतकात ती वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा दिसते.

या दुर्घटनेनंतर १९१४ मध्ये लंडन येथे ‘समुद्रावरील जीविताच्या सुरक्षेसाठी आंतरराष्ट्रीय करार’, म्हणजेच ‘सोलास’, तयार झाला. ‘टायटॅनिक’च्या जवळपास असलेल्या एका जहाजावरील बिनतारी यंत्रचालक त्या रात्री झोपी गेला होता, म्हणून बिनतारी संदेशांवर चोवीस तास लक्ष ठेवण्याची तरतूद या करारात आली. पहिल्या महायुद्धामुळे हा करार अंमलात येऊ शकला नाही. पुढे १९२९, १९४८, १९६० आणि १९७४ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. १९७४ चा करार २५ मे १९८० पासून अंमलात आला आणि वेळोवेळी झालेल्या दुरुस्त्यांसह तोच आज लागू आहे.

मौन संमतीचे तत्त्व

१९७४ चा करार इतकी वर्षे टिकला याचे श्रेय त्यातील एका कार्यपद्धतीला द्यावे लागते. १९६० च्या करारात कोणतीही दुरुस्ती लागू होण्यासाठी दोन-तृतीयांश सदस्य राष्ट्रांची स्पष्ट संमती आवश्यक होती. ती मिळण्यास वर्षानुवर्षे लागत. परिणामी, संमत झालेल्या दुरुस्त्या कागदावरच राहिल्या आणि तोवर जहाजे बदलून गेली. १९७४ मध्ये ही रीत उलटविण्यात आली. ठरलेल्या मुदतीत एक-तृतीयांशाहून अधिक राष्ट्रांनी, किंवा जगातील व्यापारी जहाजांच्या एकूण टनभारापैकी किमान निम्मा वाटा असलेल्या राष्ट्रांनी हरकत घेतली नाही, तर दुरुस्ती मान्य झाली असे समजले जाते. रडार, उपग्रह संदेशवहन, जहाजाची ओळख व स्थान आपोआप कळविणारी ‘एआयएस’ यंत्रणा, इलेक्ट्रॉनिक सागरी नकाशे हे सर्व करारात वेळेवर येऊ शकले ते या मौन संमतीमुळेच. उपग्रहांवर आधारित संकटसंदेश व्यवस्था १ फेब्रुवारी १९९९ पासून पूर्णपणे लागू झाली आणि मोर्स संकेतांचे युग संपले.

तरीही नियमाला चालना मिळते ती बहुधा अपघातानेच. १९६७ मध्ये ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ खडकावर आदळले. त्यातून सागरी प्रदूषणविषयक ‘मार्पोल’ करार (१९७३, सुधारित १९७८) आकारास आला. १९८९ मध्ये अलास्काजवळ ‘एक्सॉन व्हाल्डेझ’मधून तेलगळती झाली आणि तेलवाहू जहाजांना दुहेरी कवच अनिवार्य होण्याचा मार्ग मोकळा झाला.

६ मार्च १९८७ चा अपघात मात्र निराळा धडा देणारा होता. बेल्जियमच्या झीब्रुग बंदरातून ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही प्रवासी फेरी पुढचे दार उघडेच ठेवून निघाली आणि काही मिनिटांत कलंडली. १९३ जण मृत्युमुखी पडले. दार बंद करण्याचे काम ज्याच्याकडे होते तो कर्मचारी झोपलेला होता. परंतु दार उघडे आहे की बंद, हे कप्तानाला कळण्याची सोयच नव्हती. तसा सूचक दिवा बसवावा, ही मागणी कंपनीच्या कप्तानांनी आधीच केली होती. चौकशीत व्यवस्थापनावरही कडक ठपका ठेवण्यात आला. याच विचारातून ‘आयएसएम’ ही सुरक्षा व्यवस्थापन संहिता निघाली आणि १९९८ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. सुरक्षा म्हणजे केवळ यंत्रसामग्री नव्हे, किनाऱ्यावरील कार्यालयही तिला जबाबदार आहे, हे येथे प्रथमच कायद्याने मान्य झाले.

कंटेनरचे कोडे

१९५६ मध्ये ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन अमेरिकेतील न्यूअर्कहून निघाले. आजच्या सर्वांत मोठ्या जहाजांची क्षमता वीस फुटी परिमाणात २४ हजारांहून अधिक आहे. बंद पेटीत काय आहे आणि तिचे वजन किती, हे जहाजावरील कोणालाच प्रत्यक्ष ठाऊक नसते. माल पाठविणाऱ्याच्या घोषणेवर सारी भिस्त. त्यामुळे १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन कळविल्याखेरीज तो जहाजावर चढविता येत नाही. आतील रसायनाविषयीच्या खोट्या किंवा अपुऱ्या घोषणेवर मात्र इतका सरळ उपाय सापडलेला नाही.

२०२१ मध्ये कोलंबोजवळ जळून बुडालेले ‘एक्स-प्रेस पर्ल’ हे त्याच वर्षी सेवेत आलेले नवे जहाज होते. त्यावरील एका कंटेनरमधून नायट्रिक आम्ल गळत होते. याउलट २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ बुडालेले ‘एमएससी एल्सा ३’ हे १९९७ साली बांधलेले होते. त्यावर ६४० कंटेनर होते आणि काहींत पाण्याशी संपर्क येताच ज्वालाग्राही ॲसिटिलीन वायू निर्माण करणारे कॅल्शियम कार्बाईड होते. सर्व २४ कर्मचारी वाचले. प्लॅस्टिकचे बारीक दाणे मात्र केरळच्या किनाऱ्यावर पसरले. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच कोलंबोहून न्हावाशेवाकडे येणाऱ्या ‘वान हाय ५०३’ला आग लागली. जहाज नवे असो वा जुने, उंच रचलेल्या कंटेनरांच्या गर्भातील आगीपर्यंत पाणी पोहोचविणे हे आजही अवघडच आहे. समुद्रात पडलेल्या कंटेनरांची माहिती तत्काळ देण्याचे बंधन १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले.

अंमलबजावणी कोणाची?

‘एल्सा ३’वर लायबेरियाचा ध्वज होता. जहाज ज्या राष्ट्रात नोंदलेले असते त्यानेच नियम पाळले जातात की नाही हे पाहावयाचे असते. अनेक मालक मात्र सोयीचा ध्वज निवडतात. यावरील तोड म्हणजे बंदर राष्ट्राचा तपासणीचा अधिकार : बंदरात आलेले परदेशी जहाज सदोष आढळल्यास ते रोखून ठेवता येते. हिंद महासागर क्षेत्रात १९९८ च्या सामंजस्य करारान्वये ही तपासणी होते. या कराराचे सचिवालय गोव्यात आहे. भारतात ही जबाबदारी मुंबईस्थित नौवहन महासंचालनालयाकडे आहे. १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२५ मध्ये नवा कायदा संमत केला.

‘सोलास’ मुख्यतः आंतरराष्ट्रीय सफरींना लागू होतो, हा मुद्दा मात्र अनेकदा निसटतो. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला जाताना बुडालेली ‘रामदास’ ही देशांतर्गत बोट होती. सहाशेहून अधिक प्रवासी दगावले. अशा वाहतुकीची सुरक्षा देशाच्या स्वतःच्या कायद्यांवर अवलंबून असते. त्यांपैकी अंतर्देशीय जहाजांविषयीचा १९१७ चा कायदा २०२१ मध्ये बदलण्यात आला. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. बोटीत परवान्यापेक्षा अधिक माणसे होती. त्यानंतर गेटवे ऑफ इंडिया येथून सुटणाऱ्या बोटींवर प्रवाशांना जीवरक्षक जाकीट घालणे सक्तीचे करण्यात आले.