जयकरांचा रानबोकड आणि पाण्याची वाट

1894 साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी एका रानबोकडाचं बारसं केलं. जनावर ओमानच्या डोंगरातलं आणि नाव मराठी आडनावावरून, ‘जयकरी’. त्याचे नमुने लंडनला धाडणारे डॉ. आत्माराम सदाशिव जयकर हे मुंबईचे, जन्म 1844 चा. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधून सर्जन म्हणून ते मस्कतला गेले आणि नोकरीचा बहुतेक काळ तिथेच राहिले. रोगी तपासायचे, आणि उरलेल्या वेळात मासे, सरडे, साप जमवून विलायतेला पाठवायचे. एक समुद्रघोडा, एक सरडा आणि वाळूत दडून बसणारा एक साप आजही शास्त्रीय नावात जयकरांना मिरवतात. त्यांनी ओमानी अरबी बोलीवर निबंध लिहिला, तिथल्या म्हणी गोळा केल्या आणि अद-दमीरीच्या चौदाव्या शतकातल्या प्राणिकोशाचं इंग्रजी भाषांतर हाती घेतलं. 1911 मध्ये ते वारले. महाराष्ट्रात आज त्यांचं नाव फारसं कुणाला आठवत नाही.

त्यांचा हा रानबोकड, म्हणजे अरबी ताहर, जगात एकाच पर्वतरांगेत सापडतो. ती रांग अल हजर. होर्मुझच्या सामुद्रधुनीत घुसलेल्या मुसंदमपासून ओमानच्या पूर्व टोकाला असलेल्या रास अल हद्दपर्यंत ती सुमारे 700 किलोमीटर पसरली आहे. तिचा थोडा भाग संयुक्त अरब अमिरातीत, बाकी सगळा ओमानमध्ये. तिच्या एका अंगाला समुद्र आहे, दुसऱ्या अंगाला वाळवंट. सर्वांत उंच जबल शम्स तीन हजार मीटरच्या किंचित वर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या पावणेदोन पटींहून अधिक.

मस्कत, दुबई, अबूधाबीत पोटापाण्यासाठी गेलेली बरीच मराठी मंडळी हिवाळ्यातल्या सुट्टीला या डोंगरात तंबू टाकतात. सह्याद्रीत पाय तयार झालेल्या माणसाला इथे आधी खटकतो तो उघडेबोडकेपणा. ना करवंदाची जाळी, ना कारवी, ना दगडावर शेवाळ. नजर जाईल तिकडे खडक. पण या खडकाळ मुलखात गाव कुठे वसलं, वाट कुठून गेली, जनावर कुठे दिसेल आणि माणूस कुठे मरेल, या सगळ्याचा निकाल पाणीच लावतं. इथे भटकायचं तर नकाशाआधी पाण्याचा हिशेब वाचायला शिकलं पाहिजे.

समुद्रतळाचा डोंगर

सह्याद्री हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा. अल हजरची घडण वेगळी. इथे ढोबळमानाने दोन जातींचे खडक भेटतात. जबल शम्स आणि जबल अख्दरच्या बाजूला करडा-पिवळसर चुनखडक दिसतो, तो उथळ समुद्राच्या तळाशी साचून तयार झालेला. वाट चालताना त्यात शिंपल्यांचे जीवाश्म सहज पायाखाली येतात. मस्कत-समाईलकडे मात्र तपकिरी-काळे, करवती कड्यांचे डोंगर लागतात. तो आहे जुन्या महासागराचा तळ आणि त्याच्याही खालचं प्रावरण. सहसा असं सागरी कवच खंडाच्या खाली घुसतं आणि नाहीसं होतं. इथे ते सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी तयार झालं आणि पुढे अरबी भूखंडाच्या काठावर सरकत चढलं. ‘समाईल ओफिओलाइट’ या नावाने हा पट्टा जगभरच्या भूशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. पृथ्वीच्या पोटातलं प्रावरण इतक्या विस्ताराने उघड्यावर पाहायला मिळण्याच्या जागा फारच थोड्या.

या तपकिरी खडकात पांढऱ्या रेघांची जाळी दिसते. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड या खडकाशी संयोग पावतो आणि कार्बोनेट होऊन भेगांत बसतो, त्या या रेघा. कोलंबिया विद्यापीठाचे पीटर केलेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रक्रियेचा अनेक वर्षं अभ्यास केला. हवेतला कार्बन याच रीतीने खडकात मुरवता येईल का, हे आजमावणाऱ्या ‘44.01’ या ओमानी कंपनीला 2022 चा अर्थशॉट पुरस्कार मिळाला. भटक्याच्या कामाची गोष्ट मात्र वेगळी आहे. या खडकातून झिरपणाऱ्या काही झऱ्यांची डबकी दुधी-निळी, अतिशय देखणी असतात. त्यांच्यावर पांढरी साय धरलेली असते. ते पाणी इतकं अल्कधर्मी असतं की तोंडाला लावू नये.

चुनखडकाचं तसं नाही. तो भेगाळ असतो, पावसाचं पाणी पोटात घेतो आणि जिथे खाली पाणी न झिरपू देणारा थर लागतो तिथे ते बाहेर सोडतो. अल हजरमधली जुनी गावं अशाच जागी आहेत. दुरून पाहावं तर कड्याला चिकटलेली खजुरीची हिरवी पट्टी आणि तिच्या डोक्यावर मातीची घरं. निझवाजवळच्या अल हमरा गावावरचं मिस्फत अल अब्रियीन हे त्यातलं नावाजलेलं. 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने उत्तम पर्यटन-ग्रामांच्या यादीत त्याला जागा दिली.

कड्याच्या कमरेवरून

ओमान सरकारने डोंगरातल्या अनेक जुन्या पायवाटा खुणा करून खुल्या केल्या आहेत. पिवळा, पांढरा आणि लाल असे तीन पट्टे दगडांवर रंगवलेले असतात आणि प्रत्येक वाटेला क्रमांक असतो. त्या मुळात गिर्यारोहकांसाठी पाडलेल्या नव्हेत. गाढवावर खजूर लादून बाजाराला जायच्या, सोयरीक जुळवायच्या, शेळ्या चारायच्या या वाटा. म्हणून त्या डोंगराच्या माथ्यापेक्षा पाण्याच्या जागांना जोडत जातात.

यातली सर्वांत लोकप्रिय आहे डब्ल्यू 6. जबल शम्सच्या पठारावर अल खितैम या वस्तीपासून ती सुरू होते. समोर वादी घूल. वादी म्हणजे एरवी कोरडं पडलेलं नदीचं पात्र, पण इथे त्या पात्राने डोंगर सुमारे एक किलोमीटर खोल चिरला आहे. वाट ना वर चढते ना दरीत उतरते. कड्याच्या कमरेला जो आडवा कट्टा आहे, त्याच्यावरून ती पुढे सरकत राहते. डाव्या हाताला भिंत, उजव्या हाताला पोकळी. वाट बहुतेक ठिकाणी दोन माणसं बाजूबाजूने चालतील एवढी रुंद आहे, त्यामुळे सरावलेल्या माणसाला अवघड नाही. पण ज्याला उंचीचं भय आहे त्याने हट्ट करू नये. सुरुवातीलाच शेळ्या मागे लागतात. त्या कागदही खातात, तेव्हा पिशवी उघडी टाकून फोटो काढत बसू नये.

साधारण चार किलोमीटरवर अस साब हे सोडून दिलेलं गाव लागतं. कड्याच्या कपारीखाली, खडकाचंच छप्पर घेऊन रचलेल्या दगडी खोल्या. भिंतींना चिखलाचा गिलावा आहे, दारं जेमतेम वाकून आत शिरण्याएवढी, आत चुलीच्या धुराने काळवंडलेला खडक. घरांच्या खाली शेताच्या पायऱ्या उतरत जातात आणि तिसऱ्या-चौथ्या पायरीनंतर थेट दरी. इथे माणसं का राहिली असतील, याचं उत्तर घरांच्या वरच्या बाजूला थोडं चढून गेल्यावर मिळतं. कड्याच्या पोटात झऱ्याचं एक कुंड आहे. तेवढ्या पाण्यावर मूठभर कुटुंबांनी धान्य पिकवलं. आता बांध ढासळलेत आणि खाचरांत गवतही धड उगवत नाही.

जबल शम्सच्या दक्षिण शिखरावर जायचं असेल तर डब्ल्यू 4 ही वाट आहे. ती लांब आणि दमवणारी. उत्तरेचं मुख्य शिखर लष्कराच्या ताब्यात असल्याने तिकडे जाता येत नाही.

अर्ध्या तासाचं पाणी

चालू अवस्थेतला पाण्याचा हिशेब पाहायचा तर फलज पाहावा. फलज म्हणजे उगमापासून शेतापर्यंत केवळ उताराच्या बळावर पाणी आणणारा पाट. काही फलज झऱ्यातून निघतात, काही वादीच्या वाहत्या पाण्यातून, आणि काही डोंगराच्या पायथ्याशी खोदलेल्या मूळ विहिरीतून, जमिनीखालच्या बोगद्याने कित्येक किलोमीटर येतात. ओमानमध्ये असे सुमारे 3,000 फलज अजून वाहतात. त्यातल्या पाचांना युनेस्कोने 2006 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. निझवाचा फलज दारिस त्यातलाच.

पाणी गावात शिरतं तिथला पहिला टप्पा पिण्याचा. त्याच्या खाली मशिदीतल्या वजूची जागा, मग पुरुषांची आणि बायकांची न्हाणी, आणि शेवटी शेतं. शेताला पाणी मिळतं ते पाळीने. हिश्शाचं एक माप म्हणजे ‘अथर’, साधारण अर्ध्या तासाचं पाणी. दिवसा जमिनीत रोवलेल्या काठीची सावली पाहून आणि रात्री ठरावीक तारे उगवताना पाहून पाळी बदलत असे. आता बहुतेक ठिकाणी घड्याळ आलं आहे. पाटाच्या तोंडाशी एक चपटा दगड असतो आणि भोवती चिंध्या कोंबलेल्या असतात. पाळी आली की शेतकरी चिंध्या ओढतो, दगड बाजूला सारतो, आणि पाणी वळतं. दुसऱ्याच्या पाळीत हात घालणं म्हणजे चोरी. आपल्याकडे धुळे-नाशिक भागातल्या फड पद्धतीवर जी माणसं वाढली, त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल.

जबल अख्दरच्या सैक पठारावर, सुमारे दोन हजार मीटर उंचीवर, याच पाण्यावर गुलाब आणि डाळिंबं होतात. एप्रिलच्या आसपास गुलाब फुलतात आणि गावात पारंपरिक भट्ट्यांवर गुलाबपाणी काढलं जातं. अल अक्र, अल ऐन, अश शुरैजा ही गावं जोडणारी वाट मुलाबाळांनाही जमेल अशी आहे आणि बराच भाग ती फलजच्या काठाकाठाने जाते. बिरकत अल मौजहून वर जाताना तपासणी नाका लागतो. तिथून पुढे चारही चाकांना जोर असलेली गाडीच सोडतात. उतारावर ब्रेक तापून झालेल्या अपघातांमुळे हा नियम कडकपणे पाळला जातो.

पाणी येतं तेव्हा

मस्कतला वर्षाकाठी सरासरी 100 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. महाबळेश्वरला एखाद्या दिवसात याहून अधिक पडतो. तरीही वाळवंटातल्या या डोंगरात माणसं बुडून मरतात. कारण उघडं आहे. खडकावर माती नाही, मुळं नाहीत, पाणी धरून ठेवायला काहीच नाही. वीस-तीस किलोमीटरवर माथ्यावर ढग फुटला की सगळं पाणी एका अरुंद घळीतून धावत सुटतं. खाली तंबूवर तेव्हा स्वच्छ ऊन असू शकतं. एप्रिल 2024 मध्ये समद अश शान भागात अशाच लोंढ्यात शाळकरी मुलं दगावली. लोंढा वाहत असताना वादीत गाडी घालणं ओमानमध्ये कायद्याने गुन्हा आहे, आणि तो कायदा अनुभवातून आलेला आहे.

वादीच्या पात्रातली वाळू मऊ असते, सपाट असते, वाऱ्यापासून आडोसा असतो. नवख्या माणसाला तंबूसाठी तीच जागा भावते. तिथे तंबू टाकू नये. काठाच्या भिंतीवर काड्या-कचरा किती उंचीवर अडकलाय ते पाहावं, ती मागच्या पुराची रेघ. त्या रेघेच्या बरंच वर आणि परतीची वाट पात्र न ओलांडता मिळेल अशी जागा निवडावी.

पाण्याच्या अगदी काठावरही मुक्काम नको. अरबी ताहरला उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी पाण्यावर यावंच लागतं आणि माणसाची चाहूल लागली की तो फिरकत नाही. नर आणि मादी दोघांनाही मागे वळलेली शिंगं, तांबूस केसाळ अंग, पाठीच्या कण्यावर काळसर पट्टा. शिकार आणि पाळीव शेळ्यांशी चाऱ्यासाठीची चढाओढ यांनी तो धोक्यात आला. सत्तरच्या दशकात मस्कतजवळच्या वादी सरीनमध्ये त्याच्यासाठी राखीव क्षेत्र झालं. पूर्वी त्याला निलगिरी ताहरचा सख्खा मानत. 2005 मध्ये जनुकीय अभ्यासानंतर त्याची प्रजाती (जीनस) वेगळी काढली गेली, पण जयकरांचं नाव टिकलं. पाण्याजवळ आणखी एक ओळखीचा जीव असतो, फुरशाचा ओमानी भाऊबंद. कोकणातल्या माणसाला सांगायला नको. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये आणि सकाळी बूट झटकून घालावेत.

उष्म्याबद्दल एकच आकडा पुरे. 26 जून 2018 रोजी ओमानच्या किनाऱ्यावर कुरियातला दिवस-रात्रीतलं सर्वांत कमी तापमान 42.6 अंश होतं. उलट जबल शम्सवर जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली जातो आणि क्वचित बर्फही पडतं. तेव्हा नोव्हेंबर ते मार्च हाच हंगाम. दिवसभराच्या चालीला माणशी चार लिटर पाणी आणि सोबत मीठ-साखर न्यावी. वाटेतल्या कुंडावर भरवसा ठेवू नये.

ओमानमध्ये उघड्यावर तंबू टाकायला सहसा कुणी हरकत घेत नाही. ही मोकळीक टिकवणं आपल्या हातात आहे. माथ्यावरची जुनिपरची झाडं फार सावकाश वाढतात आणि खालच्या उंचीवर ती सुकत चालली आहेत. त्यांची वाळकी फांदीसुद्धा जाळू नये, सरपण खालून न्यावं. फलजमध्ये साबण लावू नये, भांडी घासू नयेत. पाणी घ्यायचं तर गावच्या पहिल्या टप्प्यावर, विचारून. खजुरीच्या बागेतून जाताना अंगभर कपडे असावेत, बायकांचे फोटो काढू नयेत, आणि कुणी कहवा-खजूर पुढे केले तर नाही म्हणू नये.

ओमानात राहणाऱ्या आणि तिथे फिरायला जाणाऱ्या मराठी वाचकांना शेवटी एवढीच विनंती. जयकरांनी या डोंगरांतले जीव आणि इथल्या लोकांची बोली जशी बारकाईने टिपून ठेवली, तशीच आपल्या भटकंतीची नोंद आपणही ठेवावी. कुठल्या महिन्यात कुठल्या कुंडात पाणी होतं, कुठला फलज आटला, ताहर कुठे दिसला, हे तारखेसह लिहून काढावं. डोंगराचा हिशेब ठेवायला अशी टिपणंच उपयोगी पडतात.