पाळी चुकली, तर तिनं आधी आईलाच सांगावं

दहावीतल्या मुलीची पाळी चुकते. पहिला महिना परीक्षेच्या टेन्शनवर ढकलला जातो. दुसऱ्या महिन्यात तिला उमगलेलं असतं, पण घरात सांगायचं कुणाला? बापाला कळलं तर शाळा बंद आणि घाईघाईनं लग्न. मग ती मैत्रिणीला सांगते, आणि तो पोरगा मेडिकलमधून गोळ्यांचं पाकीट आणतो.

इथेच घात होतो. डॉक्टरांना न दाखवता गर्भ पाडायच्या गोळ्या घेतल्या तर रक्त खूप जाऊ शकतं, गर्भाचा भाग आत राहून जंतुसंसर्ग होऊ शकतो. अंगात मुळातच रक्त कमी असलेल्या मुलीच्या तर ते जिवावर बेततं.

संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी वेगळी. ती गर्भ राहू नये म्हणून असते, राहिलेला गर्भ पाडत नाही. एचआयव्ही आणि गुप्तरोगांपासून तर ती मुळीच वाचवत नाही, तिथे निरोधच लागतो. काही गुप्तरोग बाहेरून दिसतही नाहीत, पण गर्भनलिका खराब करतात आणि पुढे मूल राहायला अडचण येते.

आणि गर्भ वाढू दिला तर? कोवळ्या वयात बीपी वाढणं, झटके येणं, दिवस भरण्याआधी कमी वजनाचं बाळ होणं, हे धोके जास्त असतात.

शरीराचं डॉक्टर बघतील, मनाचं कोण बघणार? त्यानं बोलणं बंद केलं, फोटो दाखवायची धमकी दिली, की मुलीची झोप उडते, जेवण तुटतं. पोरंही यातून सुटत नाहीत. दोस्तांच्या चिथावणीनं पुढे गेलेला सतरा वर्षांचा मुलगा पोक्सो कायद्यात अडकू शकतो, कारण १८ वर्षांखालच्या मुलीचा होकार हा कायदा मानत नाही.

पोलिसांच्या याच धाकानं आया मुलीला सरकारी दवाखान्यात नेत नाहीत. डॉक्टरांना पोलिसांत कळवावं लागतं, हे खरं. पण गर्भपातासाठी आलेल्या अशा मुलीनं आणि पालकांनी विनंती केली, तर तिचं नाव उघड करायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. अल्पवयीन मुलीला २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात करून घेता येतो. पालकाची लेखी संमती लागते. जितकं लवकर जाल तितका धोका कमी.

म्हणून मायबाईंनो, पाळी सुरू होते तेव्हाच बोलायला सुरुवात करा. ‘असं काही झालं तर मी मारणार नाही, आधी मला सांग’ हे एक वाक्य तिच्या कानावर पडलेलं असू द्या. बापांनी पोराशी बोलावं. लाज वाटते म्हणता? लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरं छापणाऱ्या ‘समाजस्वास्थ्य’च्या र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं होतं. आपण निदान घरात बोलू.

बऱ्याच सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं, तिथे समुपदेशक मुलीशी एकटीशी बोलतात. ते कुठल्या दिवशी असतं, हे आशाताईंना विचारा. कुणी धमकावत असेल तर १०९८, मन फारच खचलं असेल तर १४४१६. दोन्ही फोन फुकट आहेत.