छोटा स्पीकर, 'क्लास डी' आणि बॅटरीचा हिशेब

कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला रात्रभर पायी चालणाऱ्यांपैकी अनेकांच्या पिशवीत हल्ली छोटा स्पीकर असतो. वाटेत तामलवाडीच्या पुढेमागे तो बसला, की बॅटरीला शिव्या. आतला ॲम्प्लिफायर तर 'क्लास डी', ९० टक्के कार्यक्षम; मग त्याचा काय दोष?

आधी नावाचं उरकून घेऊ. डी म्हणजे डिजिटल नव्हे. ए, बी, सी वापरून झाले म्हणून पुढचं अक्षर डी, एवढंच. यात ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा राहत नाही; एकतर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद, म्हणून फारसा तापत नाही. स्वस्त बोर्डांवर हमखास दिसणाऱ्या पीएएम ८४०३ या आयसीत ही उघडझाप सेकंदाला सुमारे २ लाख ६० हजार वेळा होते. जुन्या टीडीए २०३० आयसीला हीटसिंक लागतो आणि हिला लागत नाही, ते यामुळे.

आता ते ९० टक्के. आकडा खोटा नाही, पण तो आवाज जवळपास पूर्ण सोडल्यावरचा. ही आयसी गाणं थांबलेलं असतानाही ५ व्होल्टवर सुमारे १६ मिलिॲम्पिअर खाते, म्हणजे ८० मिलिवॅट. खोलीत बेताच्या आवाजात गाणं लावलं तर स्पीकरला सरासरी १०० मिलिवॅटही पुष्कळ होतात. तेवढ्यासाठी बॅटरीतून जातात १९० च्या आसपास. म्हणजे कार्यक्षमता निम्म्यावर आली. शिवाय ३.७ व्होल्टच्या सेलचे ५ व्होल्ट करणारं बूस्टर सर्किट आपला वाटा वेगळा कापतं, आणि ते रंगीत दिवे... त्यांच्याबद्दल न बोललेलंच बरं. अगदी कुजबुजत्या आवाजात तर जुनी एलएम ३८६ सुद्धा कमी खाते. पीएएम ८४०३ ला 'शटडाउन' पिन असते. ती कंट्रोलरला जोडली तर गाणं थांबल्यावरचा खर्च जवळपास शून्यावर येतो. स्वस्त बोर्डांवर मात्र ती बहुधा कायमची 'चालू'लाच जोडलेली असते.

"जास्त वॅट, जास्त आवाज" हा समज जुना आहे. वॅट दुप्पट केले तर वाढतात ३ डेसिबल, कानाला जेमतेम कळतील इतके. आणि खोक्यावरचे वॅट बहुतेकदा आवाज फाटलेला असतानाचे. हा उद्योगही नवा नाही. ब्रिटनमध्ये १९६४ च्या सुमारास आलेला सिंक्लेअर एक्स-१० हा क्लास डीच्या पहिल्या विक्रीच्या नमुन्यांपैकी एक. नावात दहा, निघायचे अडीचच्या आसपास.

खरी गळती आहे ती स्पीकरमध्ये. दोन इंची साध्या स्पीकरला १ वॅट दिला तर एक मीटरवर साधारण ८२ डेसिबल मिळतात. याचा अर्थ दिलेल्या विजेचा जेमतेम हजारावा भाग आवाज होतो, उरलेली कॉइल तापवते. ॲम्प्लिफायर ८५ वरून ९० टक्क्यांवर नेला तर वाचते पाच-सहा टक्के वीज. ८२ च्या जागी ८५ डेसिबलचा स्पीकर बसवला तर तेवढ्याच आवाजाला निम्मी वीज पुरते. भाजीच्या गाडीवरचा भोंगा छोट्या बॅटरीवर अख्खी गल्ली उठवतो, त्याचं कारण हेच. कर्ण्यामुळे पडद्याची हवेवरची पकड वाढते आणि आवाज एका दिशेला जातो. तेवढ्याच एका वॅटला तोंडासमोर १०५ डेसिबल, म्हणजे त्या दोन इंचीच्या दोनशेपट. त्यावर लताबाई ऐकवणार नाहीत, ही गोष्ट निराळी.

"आठपेक्षा चार ओहम बरा" हेही अर्धंच खरं. चार ओहममधून पॉवर जास्त निघते, पण करंटही वाढतो, आणि आयसीतल्या ट्रान्झिस्टरमध्ये, बारीक वायरमध्ये तो उष्णता होऊन जातो. विहिरीवरच्या मोटारीला लांबून बारीक केबल ओढल्यावर जे होतं तेच. तेवढ्याच आवाजाला आठ ओहम कमी वाया घालवतो.

राहिला बेस. दोन इंची पडद्याला १०० हर्ट्झच्या खालचं काही धड वाजवता येत नाही, तरी त्यासाठीची वीज खर्च होतेच; पडदा नुसता आतबाहेर हलतो. यावरचा उपाय काही पैशांचा आहे. इनपुटचा एकूण रोध १० किलोओहम असेल, तर तिथे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा. सुमारे १६० हर्ट्झच्या खालचा भाग आयसीपर्यंत पोचायच्या आधीच उतरत जातो. 'एक्स्ट्रा बास' छापलेल्या स्पीकरमध्ये हा कपॅसिटर कोणी बसवणार नाही, तो आपल्यालाच बदलावा लागतो.