पंगतीतला पाहुणा

परदेशी स्थायिक झालेल्या मुलाचे सुटीत घरी येणे हा आता आपल्याकडे नवलाचा विषय राहिलेला नाही. आळीत दोन-चार घरांआड असा एखादा मुलगा किंवा मुलगी असतेच, आणि त्यांच्या येण्याभोवती घरातील मंगलकार्यांच्या तिथीही ठरू लागल्या आहेत. पंचांग उघडण्यापूर्वी ‘त्याला रजा केव्हा मिळते’ हे विचारले जाते. यंदाच्या वैशाखात आमच्या घरी हेच घडले. पुतण्याची मुंज आणि आईचे सहस्रचंद्रदर्शन ही दोन्ही कार्ये एकाच आठवड्यात योजली गेली, कारण अमेरिकेतून यावयाचे होते ते मला, आणि माझी रजा होती अवघी १६ दिवसांची. चिपळूणजवळच्या त्या घरातून बाहेर पडून मला २२ वर्षे झाली. या खेपेस तेथे जे पाहिले आणि जे कळले, ते केवळ माझ्या घरापुरते नसावे, असे वाटल्यावरून हे लिहीत आहे.

पोचलो त्याच दुपारी पाने मांडली गेली. दादा नेहमीप्रमाणे खांबाला टेकून बसला, मुले त्याच्या शेजारी. माझ्यासाठी मात्र निराळा पाट, पाटाभोवती रांगोळी आणि एरवी कपाटात असणारे चांदीचे ताट. पाणीदेखील वेगळे, बाटलीतले. वहिनीने विचारले, “भावजी, तिखट चालेल ना तुम्हाला? की कमी करून वाढू?” ज्या स्वयंपाकघरात चुलीपुढे उकिडवा बसून मी लहानपणी वाडगाभर ताकभात संपवीत असे, तेथेच हा प्रश्न विचारला जात होता. त्यात आपुलकीखेरीज दुसरे काही नव्हते. तथापि पहिल्या घासापाशीच मला उमगले, की या घरात माझा मान वाढला आहे आणि जागा मात्र गेली आहे.

परदेशाहून परतलेल्या माणसाला पंगतीत कोठे बसवावे, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. एकोणिसाव्या शतकात समुद्रपर्यटन हे कलिवर्ज्य मानले जाई. विलायतेहून आलेल्याने प्रायश्चित्त घेतल्यावाचून त्याच्या पंक्तीला बसण्यास जातभाई तयार नसत. अठरा वर्षांची आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून अमेरिकेस निघाली, तेव्हा जाण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत तिला सांगावे लागले होते, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. पुढे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा ठेवला गेला, त्याची बातमी वृत्तपत्रात आली, आणि एवढ्याशा चहावरून ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि अखेर रानड्यांसारख्या न्यायाधीशालाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. ती बातमी फोडणारे गृहस्थ म्हणजे आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी, हा इतिहासातील एक विलक्षण योगायोग. एका पेल्यात काय आहे यापेक्षा तो कोणाबरोबर घेतला याला आपल्या समाजाने किती किंमत दिली आहे, हे त्यावरून दिसते.

आनंदीबाई ज्या कार्पेंटर कुटुंबात राहिली, ते न्यू जर्सी राज्यातील रोझेल गाव माझ्या तेथील घरापासून फार दूर नाही. १८८६ साली पदवी घेऊन ती परतली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात तिचे निधन झाले. तिच्या अस्थी अमेरिकेत पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे कार्पेंटरांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आल्या. आपले कोण आणि परके कोण, याचा निवाडा किती अवघड असतो!

त्या काळी परतलेल्यास पंगतीत जागा नसे. आज त्याला पहिली जागा मिळते. हा पालट स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. परंतु दोन्ही वेळी तो बाजूलाच बसतो, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

कारण आपल्याकडे पंगत म्हणजे केवळ जेवण नव्हे, ती घराची एक व्यवस्था आहे. पानावर प्रत्येक पदार्थाची जागा ठरलेली. वर मध्यभागी मीठ. डाव्या हाताला लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजव्या हाताला भाज्या. मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तूप. पदार्थांची जशी जागा ठरलेली, तशीच वाढणाऱ्यांचीही. लहान मुलाच्या हाती प्रथम मिठाची वाटी येते, कारण त्याच्या हातून फार काही बिघडत नाही. मग पाणी. मग चटणी-कोशिंबीर. आमटीचे भांडे सांडल्यावाचून नेता येऊ लागले, की मुलगा मोठा झाला असे समजावे. तुपाची तामली आणि जिलबीचा आग्रह हे वडीलधाऱ्यांचे अधिकार. मी घर सोडले तेव्हा भाजीपर्यंत पोचलो होतो. दादा त्यानंतर भात, तूप, आग्रह अशा साऱ्या पायऱ्या चढला. मी मधल्या मधे पाटावर येऊन बसलो.

याहून मौजेची गोष्ट अशी, की परदेशात मी वाढपीच आहे. १९८१ साली शिकागोत बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. आज तेथील अनेक शहरांतून मराठी मंडळे नांदत आहेत. तिथीला न जमले तर लगतच्या शनिवारी-रविवारी गणपती होतो, घरोघरच्या स्त्री-पुरुषांनी करून आणलेले पदार्थ लांब टेबलांवर मांडले जातात आणि आम्ही पळी घेऊन उभे राहतो. कोणी वऱ्हाडचा, कोणी गोव्याचा, कोणी बेळगावचा. कोणाचे आडनाव काय, हे विचारण्याइतकी सवड रांगेला नसते. जातीपातीची भिंत तेथे सर्वस्वी पडली आहे असा दावा मी करणार नाही, परंतु ताटापुरती ती खाली आली आहे. म्हणजे परक्या देशात मी घरचा माणूस आणि घरी मात्र पाहुणा!

हे असे का झाले, याचे उत्तर मला मुंजीच्या तयारीत मिळाले. मी मोठ्या उत्साहाने सुचविले होते, की चिपळुणात मंगल कार्यालय घ्यावे, जेवणाचा ठेका द्यावा, खर्च सगळा माझा. दादा काही बोलला नाही. तो फारसे बोलत नाहीच. मुंबईची नोकरी सोडून तो घरी आला त्याला १५ वर्षे झाली, आणि ती का सोडली हेही त्याने कधी सांगितले नाही. मी कधी विचारलेही नाही. उत्तर दिले ते वहिनीने. ती म्हणाली, “पैसे तुम्ही नेहमीच पाठवता, भावजी, आणि ते वेळेवर पोचतात. पण पैसे वाढायला उठत नाहीत.”

वाक्य कठोर होते, पण त्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. विहिरीवरचा पंप माझ्या पैशाने आला, छपरावर पत्रे माझ्या पैशाने चढले. परंतु दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात आई पडून तिचे खुब्याचे हाड मोडले, तेव्हा तिला खुर्चीत बसवून चिखलातून रस्त्यापर्यंत नेले ते दादाने आणि शेजारच्या गड्यांनी. तीन महिने रात्री उठून तिला कुशीवर वळविले ते वहिनीने. मी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर हे पाहत होतो आणि डॉक्टर बदलावा की काय, याविषयी सूचना करीत होतो.

सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेब तर याहून बोलका निघाला. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस. म्हणजे १००० पौर्णिमा पुऱ्या व्हायला ८० वर्षे आणि सुमारे १० महिने लागतात. म्हणून हा सोहळा एक्याऐंशीव्या वर्षाच्या सुमारास करण्याची रीत आहे. ओवाळणीचे तबक सजत असता मी सहज बोटे मोडू लागलो. माझ्या परदेशवासाच्या २२ वर्षांत पौर्णिमा झाल्या २७२. मी घरी आलो यंदाची खेप धरून सात वेळा, दर वेळी दोन-तीन आठवडे. म्हणजे आईच्या १००० चंद्रांपैकी गेल्या २७२ मधले फार तर सात मी तिच्या अंगणातून पाहिले असतील. निरांजने ८१ होती. ती लावताना प्रत्येक जण माझ्याकडे कौतुकाने पाहत होता, ‘आईसाठी एवढ्या लांबून आला’ म्हणून. दादाचे कोणी कौतुक केले नाही, कारण तो कोठे गेलाच नव्हता.

आणि तरीही जाणे हा अपराध आहे, असे मी म्हणणार नाही. आपल्या परंपरेनेही तसे म्हटलेले नाही. मुंजीत मातृभोजन असते. बटू आईच्या शेजारी बसतो आणि तिच्याच ताटात तिच्या हातून जेवतो. यानंतर तो गुरुगृही विद्येसाठी जावयाचा, म्हणून हे एकत्र जेवण. मुलाने घराबाहेर पडावे हे जिने मान्य केले आहे, तिनेच निरोपाच्या वेळी ताट समोर ठेवले आहे. पुतण्याच्या मुंजीत हा विधी चालला असता माझी आई एकाएकी म्हणाली, “तुझ्या वेळेला तू जिलबी मागितलीस आणि मीच रडत होते, म्हणून ती वाढायची राहिली.” ४० वर्षांपूर्वीची जिलबी! माय कसली उधारी लक्षात ठेवील, सांगता येत नाही.

पंगतीचे गुणगान करताना तिची काळी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आमच्याच घरी माझ्या लहानपणी गड्यांची पाने अंगणात मांडली जात आणि त्यांना वरून वाढले जाई. याच जिल्ह्यात, रत्नागिरीला, १९३१ साली पतितपावन मंदिर उभे राहिले आणि त्या काळात तेथे सर्व जातींची सहभोजनेही झाली. परंतु आमच्या ओटीपर्यंत ते वारे यायला आणखी अनेक वर्षे लागली. कीर्तनाच्या सप्ताहाअखेर वारकरी सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून काला करतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहत होतो, तरीही. आईला खुर्चीतून नेणारे गडी या मुंजीत ओटीवर आमच्या ओळीत बसले. त्यासाठी कोणी भाषण केले नाही. वहिनीने पाने तशी मांडली, एवढेच.

परंतु स्त्रियांची पंगत त्याही दिवशी दुपारी चार वाजता बसली. तोवर अळूची भाजी तळाला गेली होती, आणि आंब्याचे सासव संपले होते. पहाटेपासून राबलेल्या हातांना शेवटी उरलेले मिळावे, ही रूढी आपण संस्कृती या नावाखाली किती काळ चालविणार? परदेशातून येणारा प्रत्येक जण ‘घरच्या जेवणाची चव काही औरच’ म्हणतो. ती चव कोणाच्या पाठीच्या कण्यातून येते, हे तो क्वचितच विचारतो. मीही २२ वर्षांत विचारले नव्हते.

आमच्यासारखी घरे कोकणात गावोगाव आहेत. मुंबईच्या गिरण्यांत गेलेला चाकरमानी गणपतीला परत येत असे, तेव्हापासूनची ही कथा. आखातात नोकरी करणारा रत्नागिरीकडचा मुसलमान तरुण ईदला घरी येतो, तेव्हा त्याच्याही पुढ्यात असेच भरलेले ताट येत असेल आणि त्याच्या पाठीमागेही घर सांभाळणारा एखादा अबोल भाऊ उभा असेल. जाणाऱ्याने पैसा पाठवावा आणि राहणाऱ्याने माणसे सांभाळावीत, ही वाटणी आपण नकळत मान्य केली आहे. वाटणी वाईट नाही. वाईट हे, की तिच्यातील एका वाट्याची पोच मिळते आणि दुसऱ्याची मिळत नाही.

जुन्या काळी परतलेल्याकडून प्रायश्चित्त घेतले जाई. ते अन्यायाचे होते आणि गेले हे बरेच झाले. परंतु आपण होऊन करावे असे एक प्रायश्चित्त मला दिसते. परत येणाऱ्याने ‘किती पाठवू’ असे विचारण्याऐवजी ‘काय करू’ असे विचारावे. घरच्यांनीही त्याला चांदीचे ताट न देता काम द्यावे. रजा थोडी असेल तर तिच्यातील एक आठवडा सणासमारंभाला न ठेवता साध्या दिवसांना द्यावा. त्या दिवसांत भावाला आणि भावजयीला चार दिवस कोठे बाहेर जाता येईल, आणि आईच्या औषधांच्या वेळा आपल्यालाही पाठ होतील. पुढच्या वर्षी मी तसे करावयाचे ठरविले आहे. कार्य नसताना येणार आहे.

या वर्षीचे सांगावयाचे तर, मुंजीच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या पाहुण्यांची पंगत होती. मी वहिनीला म्हटले, “आज तुम्ही सगळ्या जणी पहिल्या पंगतीला बसा. दादा आणि मी वाढतो.” ती हसली, पण बसली. दादाने भाताची परात उचलली. मी सवयीने भाजीकडे हात नेला, तेव्हा नुकती मुंज झालेला पुतण्या मध्ये आला. भाजी त्याच्याकडे लागली होती. “काका, तुम्ही मीठ घ्या,” तो म्हणाला, आणि वाटी माझ्या हातात दिली.

पहिले पान आईचे होते. मी वाकून चिमूटभर मीठ वाढले. तिने पानाकडे पाहिले आणि म्हणाली, “अरे, मधोमध.”